सासूबाई ऊसतोडीला गेल्या ते साल
शेंगदाणे भाजल्याचा वास आला की मला आमच्या गावचं आरोग्य केंद्र आठवतं. माझी लेक दीड वर्षाची झाली, तरी जुलाबांनी खंगून तान्ह्या पोरीएवढीच दिसायची. 'आपल्यात समदीच बुटकी,' असं घरात म्हणायचे. केंद्रातल्या सिस्टरनी तिला फळीवर निजवून मोजलं आणि म्हणाल्या, "हे घराण्याचं नाही. नीट खाणं-औषध मिळालं तर वाढेल. पण यंदा तिला उसाच्या फडावर नेऊ नका." मला रडूच फुटलं, कारण नवऱ्याबरोबर कोयता धरायला माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. तेवढ्यात बरोबर आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या जागी मी जाते. तू पोरीला बघ." मी गावात राहिले. सिस्टरनी सांगितल्याप्रमाणे लेकीला अंडी, शेंगदाणे भाजून केलेले दाण्यागुळाचे लाडू, उकळून गार केलेलं पाणी देत राहिले, दर महिन्याला केंद्रात नेत राहिले. उन्हाळ्यात फडावरून परतलेल्या सासूबाई तशाच धुळीच्या पायांनी केंद्रात आल्या. लेक उंचीच्या पट्टीला पाठ लावून ताठ उभी राहिली. सिस्टर हसल्या, "आजी, नात चांगलीच वाढली!" सासूबाईंनी तिला खांद्यावर घेतलं आणि भर बाजारातून ओरडत निघाल्या, "बघा रं, आमची पोरगी वाढली!" आता लेक शाळेत जाते. सासूबाईंची कंबर मात्र त्या सालापासून धरली आहे. ती चोळताना मी हळहळले की त्या म्हणतात, "दुखू दे गं, पोर बघ की केवढी झालीय!"