ब्रुनोचा सुळा

ही गोष्ट सांगायचं मी नऊ वर्षं टाळलं. कुणी विचारलं नाही, त्यामुळे टाळणं सोपं गेलं.

गंगाधरराव माणसाच्या दातांकडे आधी बघत आणि चेहऱ्याकडे मग. गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून त्यांची सारी नोकरी झाली होती. ते होते तोवर मी त्यांना 'ए गंगाधर' म्हणे. 'राव' आता लावतो आहे. आमच्या झरी गावात कुणी बैल घ्यायला निघालं की आधी त्यांना हाक मारी. ते बैलाचा ओठ वर करत आणि हळूच म्हणत, "चार दाती सांगायलाय, पण जुळलाय." म्हणजे दात सगळे आलेत, विकणारा वय लपवतोय. व्यवहार तिथेच थांबे. मी मुख्याध्यापक होतो, पण माझ्या शब्दाला गावात एवढं वजन नव्हतं, हेही इथे नोंदवतो.

मुलाने पुण्याहून मला पॉमेरेनियनचं पिल्लू आणून दिलं, ब्रुनो. ते सात महिन्यांचं झालं तेव्हा गंगाधररावांनी आमच्या ओट्यावर बसून त्याचं तोंड उघडलं. "गुरुजी, वरचा सुळा डबल हाय. दुधाचा पडलाच न्हाई, अन् पक्का येऊन बसला." मधे अन्न अडकतं, हिरडी सडते, पक्का दात वाकडा होतो, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. परभणीला डॉक्टरांकडे न्या, भूल देऊन काढतील, म्हणाले. "हातानं वढू नका. दिसतो एवढासा, पण मूळ लय लांब असतंय. मोडलं की आत राहतंय."

मी हो म्हणालो. शाळेत पोरांचे हलणारे दात मी दोऱ्याने काढले होते. कुत्र्याच्या एका दातासाठी परभणी मला जास्त वाटली. त्याच आठवड्यात बायको देवळात गेल्यावर मी ब्रुनोला पोत्यात गुंडाळलं आणि पक्कड लावली. सुळा मोडला. ब्रुनो माझ्या अंगठ्याला चावला, ते रास्तच होतं.

चार दिवसांत त्याचा गाल सुजला. परभणीला डॉक्टरांनी विचारलं, हा कुणी ओढला? बाकावर झरीचे दोघे म्हशीच्या औषधासाठी बसले होते. दोघेही माझे जुने विद्यार्थी. मी म्हणालो, "आमच्या गंगाधरनं."

मूळ निघालं, ब्रुनो बरा झाला. पण मी झरीत पोचायच्या आत माझं वाक्य पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी गंगाधरराव आले. ब्रुनोचे टाके पाहिले. मग माझ्या अंगठ्याची पट्टी पाहिली. म्हणाले, "गुरुजी, माझ्या घरात पक्कडच न्हाई." आणि चहा न घेता गेले. ही गोष्ट ते दुसऱ्या कुणाला बोलले नाहीत. बोलले असते तरी गुरुजींपुढे ड्रेसरचं कोण ऐकतं, असा माझा अंदाज होता.

बैल बघायला त्यांना बोलावणं हळूहळू बंद झालं. ते बैलबाजारात जात आणि लांब उभे राहत. माझ्या भाच्याने एकदा चार दाती म्हणून जुळलेला बैल आणला. गंगाधररावांच्या दारावरून तो गेला. त्यांनी पाहिला आणि मान वळवली. भाच्याला तो बैल दोन पेरण्याही पुरला नाही.

पुढे त्यांना दम लागू लागला, तेव्हा मी ठरवून गेलो. वाक्य घरूनच पाठ करून नेलं होतं. ते खाटेवर बसले होते. मी समोर बसून तोंड उघडलं, पण वाक्य आतच राहिलं.  त्यांनी उशाची बॅटरी घेतली, माझी हनुवटी धरली आणि आत उजेड टाकला. बराच वेळ बघत राहिले.

"काय न्हाई, गुरुजी," ते म्हणाले, "मिटा."

मी मिटलं. त्याच आठवड्यात ते गेले.

ते वाक्य अजून पाठ आहे: गंगाधरराव, तो सुळा मी मोडला, आणि हे मी पारावर चारचौघांत सांगणार आहे. मला माफ करा.