डेट्रॉइटची मावशी, विंडसरची मावशी आणि जोयड्यातला ‘आमी’

तीन दिवस, एक गाडी, एक खोली, दोन मावश्या आणि मोबाइलला रेंज नाही. हा बेत मी पूर्ण शुद्धीत आखला होता. बेळगावात घरच्यांनी मला वेड्यात काढलं, पण आदल्या दिवशी टायरमध्ये हवा भरून घेताना मी चक्क गाणं गुणगुणत होते. कर्नाटकातल्या जोयड्याच्या जंगलात जायचं म्हटलं की मला धीर धरवत नाही.

आधी मावश्यांची ओळख करून देते. दोघी आईच्या सख्ख्या धाकट्या बहिणी. शालूमावशी कॅनडात विंडसरला राहते, निमामावशी अमेरिकेत डेट्रॉइटला. मध्ये फक्त एक नदी. पूर्वी एकीकडे कढी झाली की दुसरी गाडी काढून जेवायला हजर व्हायची. करोनात ती सीमा बंद झाली ती दीड वर्षाहून जास्त. नेमकी त्याच काळात निमामावशीच्या नवऱ्याची बायपास झाली. गाडीनं जायला बंदी होती, पण कॅनडातून विमानानं अमेरिकेत उतरता येत होतं. शालूमावशी गेली नाही. काका ठणठणीत झाले, बहिणींचं मात्र बिनसलं ते बिनसलंच.

आता येत्या जूनमध्ये निमामावशीच्या मुलीचं लग्न आहे आणि शालूमावशीनं जाहीर केलंय, “आम्ही सध्या अमेरिकेत पाऊल ठेवत नाही.” हे तिच्या तिकडच्या मैत्रिणींचं ठरलेलं आहे. दोन देशांचं व्यापारावरून वाजल्यापासून त्या अमेरिकेचा संत्र्याचा रससुद्धा विकत घेत नाहीत. आईच्या पासष्टीला दोघी आल्या आणि आठ दिवस माझ्यामार्फत बोलल्या. “सोनू, तिला सांग चहा झालाय.” शालूमावशीनं लग्नाला ‘हो’ म्हणावं, एवढ्यासाठी माझा हा खटाटोप.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला निघालो. खानापूर, लोंढा, रामनगर. या रस्त्यावर निघण्याआधी तिकडून कालच आलेल्या माणसाला विचारून घ्या, कारण कधी गुळगुळीत आणि कधी कंबर ढिली, असा त्याचा लहरी कारभार आहे. रामनगरला पुरी-भाजी आणि कडक चहा, तिघींचे मिळून दोनशेच्या आत. हॉटेलवाला एका टेबलाशी कानडी बोलत होता, दुसऱ्याशी मराठी, आणि फोनवर कुणाशी तरी कोकणी.

“तुम्ही मूळचे कुठले?” निमामावशीनं विचारलं.

“खानापूरचं. पण हितं कोण इचारत न्हाई. भूक लागली का, येवढंच इचारत्यात,” तो हसत म्हणाला.

रामनगरनंतर जगलबेटमार्गे गणेशगुडीचा रस्ता लागला आणि मी काचा खाली केल्या. दोन्ही बाजूंना दाट झाडी, ओल्या मातीचा वास, वळणावर एकदम समोर आलेला मोर. मी आनंदानं ओरडतेय, आणि मागच्या सीटवर दोन देशांची परिषद चालू. निमामावशी डावीकडच्या खिडकीशी बोलत होती, “कॅनडावाले फार सभ्य हं. सॉरी म्हणत म्हणत तोंडावर दार लावतात.” उजवीकडच्या खिडकीतून उत्तर आलं, “अमेरिकेत नाकाला फडकं बांधा म्हटलं तरी स्वातंत्र्य धोक्यात येतं.” मग निमामावशीनं ऐकवलं की, करोनाच्या दिवसांत मिशिगनची, म्हणजे डेट्रॉइटकडची, नंबरप्लेट दिसली की विंडसरचे लोक पडद्याआडून बघायचे. शालूमावशीनं आपली काच वर केली. बहुधा तिनंही बघितलं असावं.

गणेशगुडीला सामान टाकलं आणि थेट काळी नदीवर. सुपा धरणातून पाणी सोडतात तेव्हाच राफ्टिंग होतं, म्हणून वेळ फोनवर आधी पक्की करा. सुके कपडे वेगळ्या पिशवीत ठेवा आणि चप्पल पट्ट्याचीच घाला. बोटीत मावश्या समोरासमोरच्या काठांवर बसल्या. पहिल्या लाटेलाच एकीनं वल्हं पुढे मारलं, दुसरीनं मागे, आणि आमची बोट जागच्या जागी फिरायला लागली.

“अक्का!” बोटीचा गाईड मागून ओरडला. “दोघी एका टायमाला मारा की! न्हाईतर आज ही बोट हितंच गरागरा फिरत्या!”

दोघींनी नाइलाजानं एकमेकींच्या हाताकडे बघत वल्ही मारली आणि बोट सुटली. पाणी अंगावर आलं, शालूमावशी किंचाळली, निमामावशी खो खो हसली. मला वाटलं, झालं काम! कुठलं काय. काठावर उतरल्या उतरल्या टॉवेल माझ्यामार्फत मागवला गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुळगीच्या निसर्ग शिबिराकडे गेलो. पायवाटेवर वन खात्याच्या माणसाबरोबर दोन तास चाललो. धनेश दिसला! त्याच्या पंखांचा तो मोठा फडफडाट ऐकून माझ्या अंगावर काटा आला आणि दोन्ही मावश्या एकाच वेळी “आई गं!” म्हणाल्या. वाघ दिसला नाही, दिसेल या आशेवर जाऊही नका. धनेशावर मी तरी पुढची पाच वर्षं काढू शकते.

दुपारी निघून जोयडा गावात पेट्रोल भरलं, ते इथंच भरून घ्या, आणि संध्याकाळच्या आत बाजारकुणंगला पोहोचलो. गोव्याची हद्द इथून जवळ. आमचा मुक्काम रुक्मिणक्कांच्या घरी होता. अक्का साठीच्या, शेतात भात आणि परसात नाना तऱ्हेचे कंद लावणाऱ्या. राहणं आणि दोन वेळचं जेवण माणशी आठशे, आणि जेवण असं की मी भाताला तिसऱ्यांदा हो म्हणाले. खोली सारवलेली, अंथरूण स्वच्छ, गरम पाणी चुलीवरचं.

जेवताना अक्कांनी सांगितलं, “उद्या सकाळी आमी व्हाळावर जाणार हाय. थितंच कंद भाजणार, थितंच खाणार. लई मज्जा येत्या.”

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आवरून बाहेर आले, तर निमामावशी खोलीत चिवड्याचं पाकीट फोडून बसलेली. चेहरा एवढासा.

“अगं, चल ना,” मी म्हटलं.

“कुठे? त्या त्यांचे ते जाणार आहेत. ‘आम्ही’ जाणार म्हणाल्या ना काल? आपल्याला कुणी बोलावलंय? सांगायची ही कुठली रीत!” आणि तिनं आणखी एक मूठ चिवडा तोंडात टाकला.

बाहेर अक्का पाटी घेऊन आमचीच वाट बघत उभ्या होत्या. मी काही बोलणार, तेवढ्यात शालूमावशी आत आली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा थेट बहिणीशी बोलली.

“निमे, वेडी आहेस का? माझी विंडसरची शेजारीण मडगावची आहे. तीही असंच बोलते. कोकणीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असं वेगळं नसतं, दोन्हीला ‘आमी’च. अक्कांच्या बोलण्यातही तेच आलंय. त्यांच्या ‘आमी’त आपण आहोत गं.”

निमामावशीचा हात पाकिटातच राहिला. “काय म्हणालीस?”

“त्यांच्या ‘आमी’त आपण आहोत.”

“आपण,” निमामावशी म्हणाली. “शालू, पाच-सहा वर्षं झाली. तुझ्या तोंडून नुसतं ‘आम्ही कॅनेडियन’ ऐकतेय मी.”

“आणि तू काय, ‘आम्ही अमेरिकन’च की!” शालूमावशीनं तिच्या हातातलं पाकीट काढून घेतलं. मला रडूच यायला लागलं, म्हणून मी अक्कांच्या हातातली पाटी घ्यायला पळाले.

व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, अक्कांनी तीन दगड मांडून जाळ केला आणि कणगरं, म्हणजे रताळ्यासारखे काटेरी मुळांचे कंद, निखाऱ्यात पुरले. भाजलेलं कणगर फोडून मीठ-मिरचीबरोबर खाल्लं नाही, तर जोयड्याला जाऊन काय केलंत? बोटं भाजत खाता खाता मी अक्कांना विचारलं की, करोनात गोव्याच्या हद्दीवरचा अनमोडचा नाका बंद होता तेव्हा इथं कसं होतं.

“काय सांगू बाई,” अक्का म्हणाल्या. “माझी लेक गोव्यात दिलेली. हितली मानसं म्हणायची रोग गोव्यातनं येतोय. थितली म्हणायची कर्नाटकातनं. येक दिवस माझीच लेक फोनवर मला म्हणत्या, तुमी कर्नाटकवाले काय काळजी घेत न्हाई. मी म्हटलं, व्हय गं? आन् तू कुठली? माझ्या पोटातली का गोव्यातली?”

आम्ही तिघी हसून लोटपोट. पण शालूमावशीचं हसू मध्येच थांबलं. हातातलं कणगर तिनं खाली ठेवलं.

“निमे, तुला सांगितलं होतं ना, परत आल्यावर चौदा दिवस कोंडून घ्यावं लागतं, म्हणून आले नाही? तुमच्याकडे लोक नियम पाळत नाहीत, असंही म्हणाले होते. ते सगळं खरंच होतं. पण मी त्यामुळे यायची राहिले नाही. मी घाबरले होते. विमानतळ, माणसं, हॉस्पिटल. बॅग भरली होती मी, आणि दारातून परत आत आले. तुला ते सांगायची लाज वाटली.”

निमामावशीनं काडीनं निखारे सारखे केले. “मग तसं सांगायचंस की. मी पण ICUच्या बाहेर एकटी बसून घाबरतच होते. मी आपली तुझ्या अख्ख्या देशाला शिव्या देत बसले.”

अक्कांना यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी दोघींच्या पानांवर एकेक गरम कंद ठेवला आणि “खावा, थंड व्हतंय” म्हणाल्या.

दुपारी परतीला लागलो. मागच्या सीटवर अखंड बडबड. एवढ्या बोलतात हे मी विसरूनच गेले होते. वळणं, खड्डे, लोंढ्याचं रेल्वे फाटक, कशाचंच मला काही वाटलं नाही. बेळगावात आईनं दार उघडलं, दोघींकडे एकदा बघितलं, आणि काही न विचारता कुकर लावला.

जोयड्याला नक्की जा. जानेवारीत गेलात तर थंडीही असते आणि कंदही. मला तिथून काय मिळालं विचाराल, तर एक धनेश, दुखणारे दंड आणि हे कळणं की, जवळच्या माणसावरचा राग देशाच्या नावावर टाकणं फार सोपं असतं. मी स्वतः करोनाच्या काळात पुण्याच्या चुलतभावाला ‘तुम्ही पुण्याचे लोक’ म्हणून किती बोलले, ते आता आठवून कानशिलं तापतात. त्याला फोन करायचाय.

लग्नाचं मात्र सांगायचं राहिलं. शालूमावशी जाणार की नाही, हे कुणी जाहीर केलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर दोघी तावातावानं भांडत होत्या. जूनमध्ये नदी ओलांडून यायचं कसं, यावर.

“पुलावरून ये,” निमामावशी म्हणत होती. “नदीखालच्या बोगद्यापाशी तासभर रांग असते.”

“एवढ्या उंच पुलावर गाडी चालवायची मला भीती वाटते.”

निमामावशीनं कप खाली ठेवला.

“मग तू घरीच थांब,” ती म्हणाली. “मी येते पलीकडे, तुला न्यायला.”