लॅपटॉप घरी ठेवून मानपाड्याला

बरेच महिने इथे काही लिहिलं नाही. मधल्या काळात शुभांगी गेली. या ब्लॉगवरच्या प्रत्येक प्रवासात खिडकीची जागा जिची असायची, ती माझी बायको. काही वाचकांनी तिची चौकशी केली होती, म्हणून एकदा सांगून ठेवतो. आता पुढे.

एका वाचकाने विचारलं होतं की, प्रवासाला निघताना टॅब पुरतो की लॅपटॉप लागतोच. तेव्हा माझ्याकडे टॅब नव्हता, त्यामुळे मी उत्तर दिलं नाही. आता आहे. केतकीने, म्हणजे आमच्या मुलीने, पुण्याहून पाठवला. बाबा, बोटाने सगळं होतं, असं तिचं म्हणणं. ते खरं की खोटं हे पाहायला मी ठाणे, मानपाडा, कल्याण आणि परत ठाणे असा एका दिवसाचा प्रवास केला. हिमालयात जाणारे लोक टॅबचा कस वेगळ्या तऱ्हेने लावत असतील. माझ्या वाट्याला शीळफाटा होता.

निमित्त लग्नपत्रिकेचं. शुभांगी घरी बसून पत्रिका करायची. मजकूर लिहायची, मांडणी करायची आणि कल्याणच्या प्रेसमध्ये छापून घ्यायची. मानपाड्याच्या भोईरांच्या थोरल्या मुलीची पत्रिका तिने केली होती, आणि धाकटीचीही मीच करणार असा शब्द देऊन ठेवला होता. आता धाकटीचं, दीक्षाचं, लग्न ठरलं. तिचे वडील जनार्दनशेठ यांचा फोन आला. शुभांगीची बातमी ऐकून ते म्हणाले, राहू द्या, आम्ही दुसरीकडून करून घेऊ. मी म्हणालो, मी करतो. फोन ठेवल्यावर माझं मलाच नवल वाटलं. माझी सगळी नोकरी वागळे इस्टेटमध्ये यंत्रांचे सुटे भाग तपासण्यात गेली. पत्रिका मी फक्त वाचल्या आहेत.

शुभांगीचा लॅपटॉप कपाटात होता. ती गेल्यापासून मी तो उघडला नव्हता आणि उघडायची इच्छाही नव्हती. केतकीशी असं ठरलं की, पत्रिका टॅबवर झाली तर लॅपटॉप तसाच, न उघडता, माझ्या पुतणीला द्यायचा. रेवा कॉलेजात आहे, तिला हवाच होता. टॅबवर जमलं नाही, तर भोईर दुसरीकडे जातील आणि शुभांगीचा शब्द राहून जाईल. एवढं या सहलीवर अवलंबून होतं.

थोरलीची छापील पत्रिका समोर ठेवून मी टॅबवर तशीच दुसरी तयार केली. तपासनीसाची सवय जात नाही. सगळे 'श्री.' आणि 'कै.' एका सरळ रेषेत यावेत म्हणून मी प्रत्येकाला वेगळ्या छोट्या चौकटीत बसवलं आणि पट्टी लावून पाहिलं. रेषा अगदी सरळ होती. या चौकटी पुढे कथेत येणार आहेत.

सकाळी वर्तकनगरहून रिक्षाने खोपट गाठलं. डेपोबाहेर कांदेपोहे आणि चहा घेतला. पोहे बरे होते, चहा दोनदा घेण्यासारखा. पनवेलकडे जाणारी एसटी मिळाली की कल्याण फाट्याला उतरायचं आणि तिथून मानपाड्यासाठी शेअर रिक्षा धरायची. तिकीट आणि रिक्षा मिळून शंभरच्या आत भागतं. ज्येष्ठ नागरिक असाल तर आणखी कमी. वाहकाने माझ्याकडे पाहून न विचारताच अर्धं तिकीट फाडलं, याचं थोडं वाईट वाटलं.

बसमध्ये टॅबची पहिली परीक्षा झाली. खिडकीतून ऊन आलं की पडद्यावर फक्त स्वतःचा चेहरा दिसतो. मुंब्र्याच्या वळणापर्यंत मी स्वतःलाच पाहत होतो. शिवाय गाडी खड्ड्यात गेली की बोट दुसऱ्याच अक्षरावर पडतं. मी 'मंगल कार्यालय' तपासत होतो, ते एका खड्ड्यात 'मंगळ कार्यालय' झालं. वऱ्हाड फार लांब गेलं असतं. लॅपटॉप इथे एका गुणाने वर. पण शेजारच्या बाईंची भाजीची पिशवी माझ्या मांडीवर थोडी आली होती, आणि तेवढ्या जागेत लॅपटॉप उघडलाच नसता. गुण परत टॅबला.

कल्याण–शीळ रस्त्यावर मेट्रोचं काम चालू आहे. धूळ भरपूर, तोंडाला रुमाल बांधा. मानपाड्याला उतरल्यावर भोईरांचं घर विचारलं तर कोणते भोईर, असा उलट प्रश्न आला. लग्नवाले म्हटल्यावर पानवाल्याने दोन बंगले दाखवले. दोन्हींकडे लग्न होतं.

आमच्या भोईरांच्या ओट्यावर घरची माणसं जमून बसली होती. पूर्वी इथे त्यांची भातशेती होती, आता त्या जागी इमारती आहेत आणि त्यांना स्वतःची नावं आहेत, पण पत्रिका बघायला अजून सगळं घर बसतं. मधोमध आजोबा, बाळाराम भोईर. वय विचारलं नाही. आवाज खणखणीत.

इथली रीत सांगतो. कच्ची पत्रिका आली की ती एकेकाच्या हातात जाते. प्रत्येक जण आपलं नाव शोधतो, त्यावर बोट ठेवतो, वाचतो, मान हलवतो आणि पुढे देतो. ज्याचं नाव राहिलं तो लग्नाला येतो, पण जेवत नाही. शुभांगी यासाठी कागदावर छापून न्यायची. मी म्हटलं, कागद कशाला, टॅब आहे. आणि टॅब मोठ्या काकांच्या हातात दिला.

चूक तिथेच झाली. कागदावर बोट ठेवलं तर कागदाला काही होत नाही.

टॅब ओट्यावरून फिरला. काकांनी बोट ठेवलं, काकूंनी ठेवलं, आत्यांनी नाव सापडेना म्हणून चार ठिकाणी ठेवलं. प्रत्येक जण समाधानाने मान हलवत होता आणि मीही त्यांच्याबरोबर हलवत होतो. शेवटी टॅब दीक्षाकडे आला. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला थांबली.

"आजोबांच्या पुढे 'कै.' लिहिलंय," ती म्हणाली.

मी उठून पाहिलं. कोणाच्या तरी बोटाने आजीच्या नावापुढची 'कै.'ची चौकट वर सरकून आजोबांच्या 'श्री.'वर जाऊन बसली होती, तीही अगदी सरळ रेषेत. खाली आजीचं नाव, हौसाबाई, मोकळंच राहिलं होतं. आजी पाच-सहा वर्षांपूर्वीच गेलेल्या. आजोबा समोर बसून सुपारी कातरत होते.

काकूंनी पदर तोंडाला लावला. जनार्दनशेठ मला काही बोलले नाहीत, धाकट्या भावाकडे वळले आणि डोंबिवलीत तो दुसरा पत्रिकावाला आहे ना, त्याचा नंबर काढ, असं म्हणाले. घरात शुभकार्य आणि हयात माणसाला कैलासवासी केलं, त्यांचं चुकत नव्हतं. मी सांगायचा प्रयत्न केला की छपाई अजून व्हायची आहे, हे बोटाने सरकलं, बोटानेच परत जातं. पण माझा आवाज मुळात लहान.

आजोबांनी अडकित्ता खाली ठेवला.

"आरं, मी त हयंच बसलोय. मना कवा पोचवलास?"

पहिल्यांदा आत्या हसल्या, मग सगळेच. जनार्दनशेठ हसले नाहीत. आजोबांनी टॅब मागून घेतला आणि डोळ्यांपासून लांब धरला.

"आन् हौशीचे पुढं काय नाय?"

दीक्षा म्हणाली, नाही, तिचं सरकून तुमच्यावर गेलंय.

"मंग ती जिती झाली ना."

धाकट्या भावाने तेवढ्यात नंबर शोधून काढला होता, त्याला आजोबांनी हाताने थांबवलं. मी टॅब घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी दिला नाही.

"ऱ्हाऊ दे जरा तशीच," ते म्हणाले.

त्यांनी टॅब मांडीवर ठेवला. पडदा मधून मधून काळा व्हायचा, की ते बोटाने टिचकी मारून परत उजळवायचे. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आतून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचा वास येत होता. बायका उठून आत गेल्या. दीक्षा आजोबांच्या खांद्यावरून वाकून पाहत राहिली. मी समोर बसून होतो. मला घाई नव्हती.

मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हे कसं सरकवायचं असं विचारलं. मी करून देतो म्हटलं. नको म्हणाले, दाखव नुसता. मी दाखवलं. त्यांनी जाड अंगठ्याने ती छोटी चौकट धरली. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा खाली आणून हौसाबाईंच्या नावापुढे ठेवली. थोडी तिरकी बसली. मी ती सरळ केली नाही.

"तुझी गेली ती ताई, तिना आमचे थोरलीची केली व्हती ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. आजोबा जनार्दनशेठकडे वळून म्हणाले, ह्याचेकडनंच छापायची. तो विषय तिथे संपला.

जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी, सुकट, वालाचं बिरडं. खर्चाच्या रकान्यात इथे शून्य. टॅब घेऊन जाणाऱ्यांना सूचना: दाखवायची प्रत चित्ररूपात ठेवा, म्हणजे कितीही बोटं लागली तरी कोणी मरत नाही. हे मला केतकीने नंतर फोनवर सांगितलं. हसू आवरल्यावर.

दुपारी मानपाड्याहून रिक्षाने कल्याण. पत्रीपुलावर गर्दीत थांबावं लागतं, ते धरून चाला. पारनाक्याजवळच्या गल्लीत शुभांगीच्या नेहमीच्या प्रेसमध्ये गेलो. प्रेसवाले दामले माझ्याहून थोडे मोठे, बोलायला माझ्यासारखेच कमी. मला पाहून त्यांनी खुर्ची पुढे केली आणि पंखा माझ्याकडे वळवला. टॅबमधली फाइल त्यांच्या यंत्राला पाठवली. माझ्या मनात धाकधूक होती, जोडाक्षरं फुटतील, काना-मात्रा उडतील. काही झालं नाही. पत्रिका कागदावर जशीच्या तशी आली, आजोबांची तिरकी 'कै.' धरून. टॅब पास झाला होता.

दामल्यांनी चष्मा पुसून सगळं वाचलं आणि शेवटच्या बारीक ओळीवर पेन टेकवलं. थोरलीच्या पत्रिकेत होती म्हणून मी ती ओळ जशीच्या तशी उतरवली होती: मांडणी, सौ. शुभांगी, आणि पुढे आमचं आडनाव.

"हे असंच ठेवायचं?" त्यांनी विचारलं.

असं ठेवता येत नव्हतं. आणि दुसरं जे लिहायला हवं होतं ते मी अजून कुठेही लिहिलेलं नव्हतं. बँकेत, गॅसच्या कार्यालयात, सगळीकडे केतकीनेच लिहिलं. शिवाय लग्नाची पत्रिका. दामले म्हणाले, ओळ काढून टाकू, कोणी वाचत नाही. मी टॅबवर बोट ठेवलं. आधी 'सौ.' पुसलं. दामल्यांनी दोन पीयूष मागवले. शेवटी मी आडनावही पुसलं.

"नुसतं शुभांगी?" दामले म्हणाले.

"ओळखतात लोक," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि यंत्र सुरू केलं.

परतीला दुर्गाडीवरून भिवंडीमार्गे बस घेतली. हा रस्ता लांबचा, पण खाडीवरून वारा छान येतो. माजिवड्याला उतरून घरी.

घरी आल्यावर केतकीचा फोन आला. टॅब पास झाला ना, मग रेवाला लॅपटॉप न्यायला सांगू का, असं तिने विचारलं. मी सांग म्हणालो. मग लक्षात आलं की थोरलीची पत्रिका त्या लॅपटॉपमध्ये आहे. धाकटीची तिच्याशेजारी ठेवायला हवी, नाहीतर काम पूर्ण झालं असं शुभांगीने मानलं नसतं. मी कपाटातून लॅपटॉप काढला आणि चार्जरला लावला. पडदा उजळला. मधोमध लिहिलं होतं: शुभांगी. पुढे-मागे काही नाही. पासवर्ड केतकीला ठाऊक होता, तिने सांगितला आणि फोन चालूच ठेवला. पण लॅपटॉपने आधी अद्ययावत होतो म्हणून सांगितलं आणि बराच वेळ आपलीच गोल चकती फिरवत बसला. मी चहा करून घेतला. इतके महिने बंद असल्यावर त्याचंही बरोबर होतं.

रविवारी रेवा आली. तिच्यापुढे मी दोन्ही ठेवले. ती चित्रं काढते. तिने टॅबवर बोटाने एक मांजर काढलं आणि वर बघितलं. मी म्हटलं, घेऊन जा. केतकीला हे फोनवर सांगितल्यावर ती म्हणाली, बाबा, मी तुम्हाला भेट दिलेली होती. पण रागावली नाही.

तर विचारणाऱ्या वाचकाला उत्तर. टॅब लॅपटॉपची जागा घेऊ शकतो का? प्रवासात घेतो. हलका आहे, बसमध्ये मावतो, आणि ज्याला स्वतःच्या हाताने काही सरकवायचं असेल त्याला सरकवता येतं. आमच्या घरी मात्र लॅपटॉपने टॅबची जागा घेतली. हे त्याच्यावरच लिहितोय. मानपाड्याच्या त्या दुसऱ्या बंगल्यातल्या भोईरांचा काल फोन आला होता. त्यांचीही पत्रिका करायची आहे. मी म्हटलं, कागदावर छापून आणतो.