उजव्या हाताचं पिस्तूल

माझ्या मोडक्या उजव्या हातापेक्षा मला "राहू दे" या दोन शब्दांचा जास्त राग यायचा. जानेवारीत दारासमोरचा बर्फ काढताना मी घसरले आणि मनगटाचा चुरा झाला. डॉक्टरांनी आत धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले. तेव्हापासून जो तो माझ्या हातातली वस्तू काढून घ्यायला टपलेला. कुकर उचलला की नवरा म्हणायचा, "राहू दे." कणीक मळायला घेतली की पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई म्हणायच्या, "राहू दे गं, मी करते." ऑफिसात लॅपटॉपची बॅगसुद्धा कुणीतरी उचलायचं. सगळे प्रेमानेच करत होते, त्यामुळे धड भांडताही येईना.

एक गोष्ट मात्र माझी एकटीची होती. जर्मनीत नेकारसुल्मजवळच्या आमच्या गावात नेमबाजीचा क्लब आहे आणि मी सहा वर्षं दर शनिवारी सकाळी तिथे पिस्तूल चालवत होते. समोर कागदाचं टार्गेट असलं की मी कुणाची बायको नाही, सून नाही, टीम लीड नाही. आता तेच किलोभराचं पिस्तूल हात ताठ करून धरलं की तीन सेकंदांत नळी खाली यायची. डॉक्टर म्हणाले, "आल्झो, तर मग दुसरा छंद शोधा. चित्रकला वगैरे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चित्रकला म्हणे! डोंबल!

क्लबचा प्रशिक्षक म्हणजे सत्तरी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस, आयुष्यभर कारखान्यात हत्यारं घडवलेला. माझं पिस्तूल विकायला काढते म्हटल्यावर तो उठला आणि कपाटातून स्वतःचं एक पिस्तूल घेऊन आला. लांब नळी, एका वेळी एकच गोळी, आणि काडतूस चक्क रायफलचं. मागच्या बाजूला प्लॅस्टिकची रुंद कडी होती, तिला पट्टा. याला ब्रेस म्हणतात. तो कोपराखाली हातावर घट्ट बांधला की पिस्तुलाचं वजन मनगटावर न येता अख्ख्या हातावर येतं.

"तुझ्यासारख्यांसाठीच आहे हे," तो म्हणाला. असं पिस्तूल घ्यायचं तर नेमबाजी संघटनेची परवानगी लागणार होती, डॉक्टरांचं पत्र लागणार होतं आणि त्याची सही. "सही फुकट मिळणार नाही. माझ्या पिस्तुलाने पाच गोळ्या मार. पाचही कागदावर हव्यात आणि नळी तुझ्या ताब्यात हवी. नाही जमलं तर विषय संपला." मी म्हटलं, शेंडी तुटो वा पारंबी तुटो, मारते. म्हणजे मनात म्हटलं. जर्मनमध्ये नुसतं "या", म्हणजे "हो", म्हणाले.

त्या शनिवारी सासूबाई हट्टाने बरोबर आल्या. पिस्तूल हा प्रकार त्यांना मुळीच पसंत नव्हता, पण सून काय दिवे लावते ते पाहायचं होतं. साडीवर माझं जाड जॅकेट, कानांवर लाल कर्णरक्षक, अशा त्या मागच्या बाकावर बसल्या. मी एका हाताने कसाबसा पट्टा बांधला, नेम धरला आणि चाप ओढला. बाप रे! रायफलच्या काडतुसाचा धक्का तो! पट्टा सरकला, नळी छताकडे गेली आणि कागद पन्नास मीटरवर कोराच्या कोरा. म्हातारा म्हणाला, "थांब." पिस्तूल उघडून रिकामं करून टेबलावर ठेवायला लावलं. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं, संपलं सगळं. डोळे भरून आले आणि त्या रडण्याचीही चीड आली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं, असा बांधतात होय पट्टा?" सासूबाई सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होत्या. ढिसाळ बांधलेली पट्टी त्यांना बघवत नाही, मग ती कुणाचीही असो. मी म्हाताऱ्याला सांगितलं, आई पट्टा बांधायचं म्हणतायत. त्याने पिस्तूल पुन्हा तपासलं आणि मान हलवली. त्यांनी माझ्या हाताखाली रुमालाची घडी घातली, पट्टा ओढला, आत दोन बोटं जातात का पाहिलं, माझं नख दाबून रक्त परत येतंय याची खात्री केली. मला वाटलं, आता या पिस्तूलही स्वतःच धरतात की काय! पण त्या दोन पावलं मागे सरल्या. "झालं माझं काम," म्हणाल्या. "आता तुझं तू बघ."

म्हाताऱ्याने पहिली गोळी मोजली नाही, पाच नव्या पुढे केल्या. पाचही कागदावर लागल्या, त्यातल्या तीन काळ्या गोलात. "गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला आणि खिशातून पेन काढलं.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण आपल्याकडचीच असं मी समजत होते. इथे ती नीट फाइलला लावून तिच्यावर शिक्का मारलेला असतो. एकच नवं शस्त्र घ्यायचं तर इतके फॉर्म, इतक्या टेर्मिन, म्हणजे भेटीच्या ठरलेल्या वेळा, की माझ्या नाकी नऊ आले. कायद्याला मी मराठीत मनसोक्त शिव्या घातल्या. शेवटी सासूबाईंच्या विमानाला चार दिवस उरले असताना कागद हातात पडले आणि नवरा, सासूबाई आणि मी, आम्ही तिघं बंदुकांच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने पिस्तूल, ब्रेस सगळं दाखवलं, पेटीत ठेवलं, कुलूप लावून किल्ली मला दिली. पेटी चांगली जड होती. सवयीने नवऱ्याचा हात पुढे आला. "दे इकडे."

"नाइन, नाही," दुकानदार शांतपणे म्हणाला. "तुमच्याकडे परवाना नाही. ही पेटी फक्त बाईंनीच न्यायची. कायदा आहे."

नवऱ्याने हात मागे घेतला. मी पेटी उजव्या हाताने उचलली. गाडी रस्त्याच्या पार टोकाला लावली होती. मनगट ठणकत होतं आणि मला इतका आनंद झाला होता की रडूच फुटलं. वाटेत दोनदा पेटी पायाशी ठेवावी लागली. दोन्ही वेळा मायलेक शेजारी थांबले, हात मागे बांधून, आणि मी उचलेपर्यंत कुणी "राहू दे" म्हटलं नाही.