आतड्याच्या तारा

आतड्याच्या तारांचं नवं पाकीट उघडलं की ओल्या चामड्यासारखा वास येतो, आणि रत्नागिरीतल्या आमच्या देवळाचा उत्सव आठवून मला शिसारी येते. माझं वाद्य डबल बेस, म्हणजे माणसाएवढं व्हायोलिन. ऑर्केस्ट्रात गजाने वाजवताना मी त्याला स्टीलच्या तारा लावते, पण जॅझसाठी बोटांनी छेडायचं असेल तर मेंढीच्या आतड्याच्या, कारण त्यांचा स्वर गोल आणि जाड येतो. त्या संध्याकाळी भजनाच्या साथीला मी त्याच लावल्या होत्या, आणि गावासमोर पहिल्यांदाच वाजवणार होते. समितीच्या काकांनी तारेवर बोट फिरवून नाकाशी नेलं. “कसल्या गो ह्या?” मी तारांच्या खुंट्या पिळत राहिले. शेजारी सुरासाठी पखवाजाला कणीक लावत बसलेल्या, गावच्या भजनातल्या पखवाजी आजोबांना मीच कौतुकाने सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, “आतड्याच्या आहेत. त्यात काय? माझा पखवाज काय भोपळ्याचा आहे?” “चामड्याचं वेगळं! देवासमोर आतडी? शी! खरं असेल तर ही आज वाजवणार नाही. बोल गो,” काका रुमालाला बोट पुसत म्हणाले. “नायलॉनच्या आहेत, काका.” “बघा! आजोबा, वय झालं तुमचं,” काका हसले, सगळा मंडप हसला. आजोबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून कणीक थापत राहिले. मी वाजवलं, त्यांनी मनापासून साथ दिली, टाळ्या पडल्या. आजही बाजारात भेटले की ते विचारतात, “वाजवतेस ना गो?” आणि मी नुसती मान हलवते.