चौदा नंबरच्या पोटात

रिकामी जागा देवाने फक्त माणसाची परीक्षा घेण्यासाठी निर्माण केली आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला. तो म्हणजे आमच्या कॉलेजच्या छात्रसेनेतले उस्ताद. फौजेतून निवृत्त होऊन ते बडोद्याला आमच्या कोतावर आले होते. कोत म्हणजे रायफली ठेवायची खोली. तिथे चाळीस जुन्या रायफली साखळीत ओवून उभ्या असत आणि त्यांचं तेलपाणी उस्ताद बघत. मी डभोईहून रोज बसने येणारी, आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच मुलगी. ताठ कसं उभं राहायचं आणि चारचौघांत स्वतःचं नाव मोठ्याने कसं सांगायचं, हे मला त्यांनी शिकवलं. पुढे मी त्यांच्यावर हसणार आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

जुन्या रायफलीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, आतून थोडा पोकळ असतो. त्याच्या टोकाला पितळी पट्टी आणि पट्टीत अंगठ्याने उघडायचं एवढंसं झाकण. तेलाची करंगळीएवढी पितळी बाटली आणि नळी साफ करायची दोरी आत राहावी, म्हणून सरकारने केलेली ही सोय. पण बाटली आणि दोरी ठेवूनही दोन बोटं जागा उरते, आणि ती दोन बोटं उस्तादांना स्वस्थ बसू देत नसत. चार नंबरच्या रायफलीत सुईदोरा आणि खाकी बटणं. नऊ नंबरमध्ये बडीशेप. एकवीसमध्ये डोकेदुखीच्या गोळ्या, सव्वीसमध्ये चष्म्याचे स्क्रू, तेहेतीसमध्ये कापूर, कारण तेहेतीस नंबरला कसर लागते असा त्यांचा जुना संशय होता. यादी कुठेही लिहिलेली नव्हती, सगळी डोक्यात. एकदा परेड बघायला आलेल्या मोठ्या साहेबांना खोकल्याची उबळ आली. आम्ही सगळ्या सावधान. उस्ताद गरजले, "नऊ नंबर, एक पाऊल पुढे! दस्ता उघड!" नऊ नंबरवालीने पाऊल टाकलं, रायफल उलटी केली आणि साहेबांच्या तळहातावर चिमूटभर बडीशेप पडली. साहेबांनी ती खाल्ली आणि म्हणाले, "थोडा तेलाचा वास येतोय." उस्तादांनी कडक सलाम ठोकला. "साहेब, घशाला वंगण."

कारेलीबागेतल्या त्यांच्या घरीही हाच कारभार. पडद्याच्या दांडीत उदबत्त्या, सायकलच्या हँडलमध्ये गुंडाळलेलं लाइटबिल, छत्रीच्या मुठीत कपाटाची किल्ली. काकू मला चहा देता देता म्हणायच्या, "तीस वर्षं संसार केला गं, पण घरातली कात्री अजून मी पाहिली नाही. लाटणं भरीव निघालं म्हणून वाचलं. ते पण पोखरायला हे बसले होते." एवढं करून उस्तादांच्या शर्टाचे खिसे मात्र कायम रिकामे. त्या खिशांनी इस्त्रीशिवाय काही पाहिलंच नव्हतं. मी एकदा विचारलं, तर आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले, "खिसा सगळ्यांना दिसतो. चोराला पण, बायकोला पण. आणि माणूस वाकला की सगळं खाली पडतं ने!"

दुसऱ्या वर्षी आमचा गोळीबाराचा सराव होता आणि त्याच संध्याकाळी बडोद्यातच अकोट्याला मामेबहिणीचा साखरपुडा. मी परेडवरून परस्पर जाणार, म्हणून आईने सकाळीच तिच्या कानातली सोन्याची फुलं काढून माझ्या कानात घातली. मंगळसूत्राच्या वाट्या सोडल्या तर आमच्या घरात सोनं म्हणून तेवढंच. पण गोळी झाडताना अंगावर दागिना चालत नाही. उस्तादांनी हात पुढे केला. "काढ पोरी. चौदा नंबर तुझी ने? तिच्याच पोटात ठेवतो. लॉकरपेक्षा सेफ. लॉकरवाल्याला कुठे गोळी झाडता येते?" मी निश्चिंत होऊन पाच गोळ्या झाडल्या. चार कुठे गेल्या ते कळलं नाही, पाचवी शेजारणीच्या निशाणाच्या पाटीवर लागली.

कोतात परत आल्यावर उस्तादांनी चौदा नंबर उघडली. बाटली निघाली, दोरी निघाली, आणि संपलं. उस्तादांनी बाटली टेबलावर ठेवली, दस्ता डोळ्याला लावला, टॉर्च मारला, उलटा करून थोपटला. "असं होणार नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच परेडबाहेरच्या माणसासारखा वाटला. मग आम्ही दोघांनी एकामागून एक सगळ्या रायफली उघडायला घेतल्या. काय काय निघालं म्हणून सांगू! लवंगा, रबरबँड, अर्धी फणी, दाढीचं पातं, तुळशीचं बी, आणि एका जुन्या साहेबांचं हरवलेलं शाईपेनाचं टोपण, ज्याच्यासाठी म्हणे तेव्हा अख्ख्या कोताची झडती झाली होती. एरवी मी हसून लोळले असते. त्या दिवशी मी नुसती मुसमुसत होते. आई रागावली असती तर बरं. पण ती काही बोलणारी नव्हती. तिने कानावरून पदर घेतला असता आणि तो तसाच जन्मभर घेतला असता.

सदतीस नंबरमधून चिंधीची एक पुरचुंडी निघाली. मी घाईने सोडली, तर आत एक दुधाचा दात.

"हा कुणाचा, उस्ताद?"

"आमच्या बेबीचा. पहिला पडलेला." त्यांनी पुरचुंडी पुन्हा बांधली. "फौजेत माझ्या रायफलीतच असायचा. बदली झाली की रायफल बदलायची, दात तोच. आता बेबी कॅनडात, दात इथे." आणि तो होता तिथे ठेवून त्यांनी झाकण लावलं.

चाळीसही रायफली संपल्या. उस्तादांनी टोपी काढली. "घरी चल," ते म्हणाले. "काकूच्या कानातली तू घालून जा. तुझ्या आईला मी स्वतः येऊन सांगतो, चूक माझी." मला तर रडूच फुटलं. त्यांनाही काय करावं सुचेना, आणि रिकाम्या हाताने बसणं त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी चौदा नंबर मांडीवर घेतली आणि तिला तेल द्यायला लागले. टेबलावरची बाटली उघडून उपडी केली. तेल येईना. जोरात हलवली, तर आत काहीतरी खुळखुळलं. तळहातावर आपटली तशी तेलात न्हालेली माझ्या आईची दोन्ही फुलं बाहेर आली.

तासभर ती बाटली आमच्या नाकासमोर उभी होती! उस्ताद एकदम खेकसले, "सुटी ठेवली असती तर लाकडाच्या फटीत नसती अडकली? म्हणून बाटलीत घातली ने! तू आठवण करायला नको?" साखरपुड्यात आईने माझ्याजवळ येऊन दोनदा नाक ओढलं. "काय गं, तुझ्या कानाला शिलाई मशीनचा वास कसला येतोय?"

मी तिसऱ्या वर्षाला असताना जुन्या रायफली परत पाठवायचा हुकूम आला. नव्या येणार होत्या त्यांचे दस्ते भरीव. उस्ताद मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सुट्टीवर होते आणि ट्रक नेमका ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधी आला. मोजून चढवायचं काम माझ्याकडे होतं. चाळीस उघडायला वेळच नव्हता. मी एवढंच म्हणाले, "एक मिनिट थांबा, सदतीस नंबर."

संध्याकाळी कारेलीबागेत गेले. उस्ताद काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते.

"गेल्या?"

"गेल्या, उस्ताद."

"चाळीस?"

"चाळीस."

त्यांनी काळा चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाले, "नऊ नंबरमध्ये बडीशेप ताजी भरली होती."

मी पुरचुंडी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बोटांनी चाचपली. सोडून बघायची त्यांना गरज पडली नाही. काकू दारात चहा घेऊन उभ्या होत्या. आता हे पडद्याच्या दांडीकडे बघतील, की छत्री मागतील, अशी मी वाट बघत राहिले. उस्तादांनी शर्टाच्या डाव्या खिशाचं बटण काढलं, पुरचुंडी आत ठेवली आणि बटण पुन्हा लावलं.

"उस्ताद, खिशात?" मला राहवलं नाही.

"हं," ते खिशावर हात ठेवून म्हणाले. "डॉक्टरने वाकायला मना केलीय ने."