चौदा रकान्यांचा फॉर्म

किस्से गोळा करायचे असतील तर एक काम करा, गावात एखादी गौरव समिती काढा. बाकी काही करावं लागत नाही. कलावंत येतात, पाहुणे येतात, हार येतात, आणि कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलताना लक्षात येतं की ठरवलं होतं त्यातलं एकही काम ठरल्यासारखं झालेलं नाही. आमच्या समितीत मी सचिव होतो. सचिव म्हणजे ज्याला कार्यक्रमभर बसता येत नाही तो. मला तसंही एका जागी बसवत नाही, त्यामुळे पद बरोबर माणसाला मिळालं असं आमचे अध्यक्ष म्हणायचे.

मी मूळचा नांदेडचा. लातुरात प्रेस टाकला तो क्लासवाल्यांच्या नोट्स छापायला. तेव्हा लातुरात दर गल्लीत एक क्लास आणि दर क्लासमागे तीन होस्टेलं होती. भूकंपाला दहाएक वर्षं होऊन गेली होती. सगळं शहर फिजिक्स-केमिस्ट्रीच्या मागं पळत होतं, आणि मला उगाच चुटपुट लागली होती की आपल्या भागात गाणारी, वाजवणारी माणसं आहेत, त्यांना कुणी विचारत नाही. म्हणून समिती. अध्यक्ष मोहिउद्दीन गुरुजी, निवृत्त हेडमास्तर. कार्याध्यक्ष बिडवे सर, फिजिक्सवाले. सरांना कलेतलं काही कळत नव्हतं, तसं ते स्वतःच सांगायचे. पण त्यांच्याकडे हॉल होता.

हॉल मिळायचा दोन बॅचच्या मधे. पाच ते साडेसहा. साडेसहाला पुढची बॅच दारात उभी असायची आणि सर घड्याळाकडे बघत उभे असायचे.

पहिल्या वर्षी प्रेक्षक जमेनात, तेव्हा सरांनी चारची बॅच तशीच बसवून ठेवली. मी मानपत्र वाचायला लागलो. ‘यांचा जन्म एका गरीब कुटुंबात झाला.’ बघतो तर पोरं खाली मान घालून लिहितायत! मला भरून आलं. वाटलं, कलेविषयी एवढी आस्था! तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला आणि सरांना विचारलं, "सर, हे इम्पॉर्टंट आहे का?"

सर म्हणाले, "नाही, हे फक्त ऐकायचं."

सगळ्या हॉलभर पेनांची टोपणं लागल्याचा आवाज आला. त्यानंतर कुणी ऐकलंही नाही.

दुसऱ्या वर्षी एका नगरसेवकाचा मेहुणा ‘ज्येष्ठ लोकगायक’ म्हणून पुरस्कार घेऊन गेला. स्टेजवर "दोन ओळी होऊन जाऊ द्या" म्हटलं तर त्यानं राष्ट्रगीत सुरू केलं. सगळे उभे राहिले आणि कार्यक्रमच संपला. गुरुजींना हे फार लागलं. त्यांनी आठ दिवस बसून एक फॉर्म तयार केला. चौदा रकाने. शाळेतून निवृत्त झाले तरी रकाने त्यांच्यातून निवृत्त झाले नव्हते.

"यापुढं कागदाबिगर काम न्हाई," ते म्हणाले. "कलावंत आहे म्हणतो ना? मग सबूत द्यावा. बराबर?"

मी फॉर्म छापले. कंधारच्या एका गोंधळ्यानं सगळ्यात आधी भरून पाठवला. वय या रकान्यात त्यानं ‘म्हातारा’ लिहिलं होतं. अनुभवापुढं ‘मायच्या पोटात असल्यापासून’. गुरूचे नाव व पत्ता या रकान्यात एकच शब्द होता, ‘तुळजापूर’. मी हसत हसत फॉर्म गुरुजींपुढं धरला. म्हटलं, हा माणूस देवीकडून शिकलाय, आता बोला. गुरुजींनी चष्मा लावून नीट वाचलं आणि फॉर्म परत दिला.

"पिनकोड टाकायला सांग."

लोह्याच्या चाँदपाशा मास्तरांचा किस्सा तर मी प्रेसमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. मास्तर बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. पुरस्कार कळवला तर म्हणाले, "तारीख बदला, त्या दिवशी लग्नाची तीथ दाट हाय." हॉल मिळायचा त्याच दिवशी. शेवटी असं ठरलं की लातुरातच त्यांची वरात आहे, तर वरातीआधी अर्धा तास येऊन पुरस्कार घेऊन जायचा.

मास्तर आले ते लाल कोट, सोनेरी झालर अशा पूर्ण ड्रेसात. त्यांच्या मागून नवरदेवाचा बाप आला. मास्तर निसटतील अशी त्याला धास्ती होती, म्हणून तो त्यांना डोळ्याआड होऊ देत नव्हता. तो येऊन स्टेजवरच्या मधल्या खुर्चीत बसला, डोक्याला फेटा, कपाळाला गंध. प्रमुख पाहुणे उशिरा पोचले. त्यांनी बँडचा ड्रेस घातलेल्या माणसाला बाजूला सारलं आणि फेटेवाल्याला शाल घातली. मी कोपऱ्यातून हातवारे करतोय, पण पाहुण्यांना वाटलं मी टाळ्या मागतोय, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

नवरदेवाच्या बापानं शाल नीट केली, माईक हातात घेतला. "माझी वरात दारात थांबून राहिली. तरी दोन शब्द बोलतो," म्हणाला, आणि वीस मिनिटं बोलला. मास्तर बाजूला उभे राहून क्लॅरनेटची पट्टी ओली करत होते. त्यांना मी रस्त्यावर, घोड्याच्या शेजारी दुसरी शाल घातली. ते म्हणाले, "लवकर घाला साहेब, घोडं बिथरायलंय."

मग फ्लेक्स आले. त्या वर्षी हलगीवाले सखारामबापू यांची निवड झाली होती. मी फोटो फ्लेक्सवाल्याला दिला. त्याच्याकडे बारावीच्या निकालाचा हंगाम चालू होता आणि कॉम्प्युटरवर गुणवंतांचा एकच साचा उघडा होता. त्यानं बापूंचा फोटो त्यात बसवला. दुसऱ्या दिवशी चौकात बापू झळकले. पागोटं, पांढऱ्या मिशा, मागं सोनेरी किरणं, आणि खाली ठळक अक्षरात: ‘पीसीबी ग्रुप. आमचा अभिमान.’

मी रिक्षा करून धावलो. चौकात पोचलो तर बापू स्वतःच फ्लेक्सखाली उभे होते आणि निलंग्याकडचा एक पालक पोराला घेऊन त्यांच्याशी बोलत होता. त्यानं फोटो आणि माणूस दोन्ही ओळखलं होतं. एवढ्या वयात हा माणूस शिकला म्हणून त्याला फार आदर वाटत होता.

"क्लास कुठला लावला होता तुम्ही?" त्यानं विचारलं.

"क्लास कशाचा," बापू म्हणाले. "बापानं लई हानलं."

तो पालक पोराकडे वळला. "ऐकलंस? मी काय येगळं सांगायलोय?"

हा फ्लेक्स काढायला शिडी घेऊन जो माणूस आला, त्याच्यापाशी येऊन मात्र माझं हसणं थांबलं. त्यांचं नाव भिकाजी साळवे. आमच्या प्रेसच्या मागच्या होस्टेलवर ते वॉचमन होते. खाकी शर्ट, पंचावन्न-साठ वय. फ्लेक्सची गुंडाळी करून त्यांनी माझ्या हातात दिली आणि जाईनात.

"साहेब, मला फोटो नको. शाल बी नको," ते म्हणाले. "एक कागद द्या. ह्यो मानूस गात होता, एवढंच लिवा त्याच्यावर."

मी त्यांना प्रेसमध्ये आणून बसवलं, चहा मागवला. साळवेकाका किल्लारीच्या बाजूच्या एका गावचे. त्यांची गायन पार्टी होती. जयंतीला, लग्नाला, बारशाला ते पेटीवर गायचे, आणि त्यांच्या वस्तीतच नाही, तर गावात पाटलाच्या दारीही त्यांना बोलावणं असायचं. भूकंपात घर गेलं. पेटी गेली, भिंतीवरच्या चौकटीतली सर्टिफिकेटं गेली. नंतर नवं गाव बसलं, शेजारी वेगळे आले, काका लातूरला वॉचमन झाले.

"होस्टेलची पोरं मला गेट उघडा म्हनतेत," ते म्हणाले. "बराबर हाय, गेटच उघडतो मी. पन दहा वरसांत मी गात होतो असं म्हननारं कुनी भेटलं न्हाई. आता मलाच वाटायलंय, गात होतो का न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गुरुजींकडे गेलो आणि म्हटलं, या वर्षीचा पुरस्कार ठरला. गुरुजींनी शांतपणे फॉर्म काढला आणि अकराव्या रकान्यावर बोट ठेवलं. ‘पूर्वीची प्रमाणपत्रे जोडावीत. नसल्यास, कला प्रत्यक्ष ऐकलेल्या किमान पाच साक्षीदारांची नावे व सह्या.’

"भूकंपात गेलं सगळं, गुरुजी."

"म्हणून तर साक्षीदारांची सोय ठेवलीय. मेहुण्याच्या वेळी तू असंच म्हणाला होतास, माणूस चांगला दिसतो."

मला गुरुजींचा संताप आला. खोटं कशाला बोलू, फॉर्म त्यांच्या तोंडावर फाडावा असं वाटलं. पण मेहुण्याची चूक माझीच होती. मी मुकाट्यानं फॉर्म साळवेकाकांना नेऊन दिला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. पुढचे पंधरा दिवस मी होस्टेलच्या गेटवरून उगाच चार चकरा मारायचो. ते म्हणायचे, "लिवायलोय साहेब. घाईचं काम न्हाई."

निवडीची बैठक हॉलमध्येच होती, पाच वाजता. काका आले, इस्त्री केलेला पांढरा सदरा घालून. फॉर्म गुरुजींपुढं ठेवला. पाच नावांची जागा होती, त्यात मावली नाहीत म्हणून काकांनी मागं वहीची तीन पानं टाचली होती. नाव, वय, धंदा, सगळं नीट लिहिलेलं. सह्यांचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

"सह्या कुठायत?" गुरुजी म्हणाले.

"ह्यातलं कुनी न्हाई आता," काका म्हणाले. "ज्यांनी ऐकलं, ते सगळे भूकंपाच्या रातीच गेले. जे राह्यलेत ते पांगले. पत्ते घावत न्हाईत. मग म्हटलं, ज्यांनी ऐकलं त्यांचीच नावं लिवावी. खोटं कशाला लिवू?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी उठून उभा राहिलो होतो, आता वाद झाला तर राजीनामा द्यायचा असं मनाशी ठरवूनच. गुरुजींनी टाचलेली पानं एकेक करून उलटली. मग त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"सही नसेल तर साक्ष तोंडी घ्यावी लागेल," ते म्हणाले. "मी नाव घेतो. ते इथं असते तर काय म्हणाले असते, ते तुम्ही सांगा. बराबर? गोविंद रामजी माने, किराणा दुकान."

काका उभे राहिले. "हे म्हनतील, भिका, पाळना म्हन. दुसरं काय ऐकायचेच न्हाईत."

"मग म्हणा."

काकांनी घसा खाकरला. बाकावर बोटांनी ठेका धरला आणि पाळणा सुरू केला. पहिल्या ओळीला आवाज फाटला. दुसऱ्या ओळीला जरा लागला. चौथ्या ओळीला बिडवे सरांनी हातातला मोबाइल खाली ठेवला. गुरुजींनी सहीच्या रकान्यात लिहिलं, ‘ऐकला.’

"हुसेनसाब, टांगेवाले."

"हे म्हनतील, आवाज बसलाय तुझा, गरम पानी पी आधी." काका हसले. "मग कव्वालीच्या चालीवरचं मागतील." ते गायले. गुरुजींनी लिहिलं.

"गयाबाई माने." त्यांना गवळण लागायची. "दत्तू पाटील." त्यांना काहीही चालायचं, पण मोठ्यानं. एकेक नाव, एकेक गाणं. कुठं दोन ओळी आठवायच्या, कुठं अख्खं कडवं. साडेसहा वाजले. बॅच दारात येऊन उभी राहिली. मी सरांकडे बघितलं. सरांनी पोरांना आत येऊन बसायची खूण केली, आणि तोंडावर बोट ठेवलं.

"मुन्नी," गुरुजींनी वाचलं. "वय सहा." मग सवयीनं म्हणाले, "साक्षीदार सज्ञान पाहिजे..." आणि थांबले. चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला, आणि पुन्हा काढला. त्यांच्यानं पुढं वाचवेना.

सरांनी उठून त्यांच्या हातातला कागद घेतला.

"मुन्नी, वय सहा," सर म्हणाले. "हिला काय आवडायचं?"

काका गायले. दारातून आलेली पोरं खाली बसून ऐकत होती. सरांनी नावं वाचली, काका गायले, मी गुरुजींचं पेन घेऊन ‘ऐकला, ऐकला’ लिहीत गेलो. दुसरं पान संपलं. तिसऱ्यावर एकच नाव होतं.

"कौसाबाई भिकाजी साळवे," सरांनी वाचलं. "या काय म्हणतील?"

काकांनी बाकावरची बोटं उचलून घेतली.

"ती म्हनल, आता बास करा. दमलेत लोकं. झोपू द्या त्यांला."